घराचं डीड काउंटीत रेकॉर्ड करायचंय? पाकीट पाठवण्याआधी हे वाचा (कॅलिफोर्नियावाल्यांसाठी)

काउंटीकडून परत आलेलं पाकीट लगेच ओळखू येतं, कारण त्यावर अक्षर आपलंच असतं. परतीचं पाकीट आपणच पत्ता लिहून, तिकीट लावून आत घातलेलं असतं ना. माझं असंच आलं होतं. मी खुशीत फोडलं तर आत माझंच डीड (घराची मालकी एकाकडून दुसऱ्याकडे देणारा कागद), माझाच न वटवलेला चेक, आणि वर एक छोटी चिठ्ठी, नोटरीचं सर्टिफिकेट चालणार नाही म्हणून. पाच आठवडे गेले. आणि चूक माझीच, कारण नोटरीने कुठला कागद जोडला ते मी बघितलंच नव्हतं.

त्यानंतर ओळखीपाळखीत ज्याला डीड करायचं असतं तो मला फोन करतो आणि दर वेळी चुका त्याच त्याच निघतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय.

हे कोणासाठी: कॅलिफोर्नियात घर आहे, विकायचं नाहीये, फक्त बायकोचं किंवा नवऱ्याचं नाव चढवायचंय किंवा घर स्वतःच्या लिव्हिंग ट्रस्टमध्ये (जिवंतपणीच केलेला, मालमत्ता सांभाळणारा ट्रस्ट) टाकायचंय, त्यांच्यासाठी. खरेदी-विक्री असेल तर एस्क्रो (पैसे आणि कागद मध्ये सांभाळणारा त्रयस्थ) आणि टायटल कंपनी (टायटल म्हणजे मालकी हक्क, तो तपासून त्याचा विमा देणारी) हे सगळं करते, तुम्ही फक्त सह्या करता. मी वकील नाही. भाऊबंदकी, घटस्फोट, वडील वारलेत आणि कागद झालेले नाहीत, असं काही असेल तर सरळ वकिलाकडे जा.

आधी डोक्यातून दुय्यम निबंधक काढा

आपल्याकडे रजिस्ट्री म्हणजे दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात जायचं, फोटो, अंगठा, दोन ओळखीचे लोक, आणि मग इंडेक्स-२ हातात. इथे रेकॉर्डर, म्हणजे काउंटीत कागद नोंदवणारा अधिकारी, तुम्हाला बघतसुद्धा नाही. सही तुम्ही नोटरीपुढे करता, कुठल्यातरी कुरिअरच्या दुकानात, आणि रेकॉर्डरकडे फक्त कागद जातो. तो कागदाचं रूप बघतो: वर जागा सोडलीये का, नोटरीचा शिक्का वाचता येतोय का, फी बरोबर आहे का, सोबतचा फॉर्म आहे का. आत जे लिहिलंय ते खरं आहे का, कायद्याने बरोबर आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. लीगल डिस्क्रिप्शन (जागेचं कायदेशीर वर्णन) शेजारच्या लॉटचं टाकलंत तरी तो शिक्का मारून, नंबर देऊन, स्कॅन करून परत पाठवेल. म्हणून परत आलेल्या डीडपेक्षा न परत आलेलं चुकीचं डीड जास्त महागात पडतं.

१. ऑफिस कुठलं

घर ज्या काउंटीत आहे तिथलं. तुम्ही राहता तिथलं नाही. सनीवेलला राहता आणि भाड्याने दिलेलं घर फ्रीमाँटला आहे, तर कागद अलामीडा काउंटीत जाणार, सांता क्लारात नाही. ऑफिसचं नाव काउंटीप्रमाणे बदलतं, कुठे क्लार्क-रेकॉर्डर, लॉस एंजेलिसला रजिस्ट्रार-रेकॉर्डर. चेक त्याच नावाने काढायचा असतो म्हणून नाव नीट बघून घ्या.

असेसर वेगळा, रेकॉर्डर वेगळा, टॅक्स कलेक्टर वेगळा. रेकॉर्डर कागद नोंदवतो, असेसर त्यावरून टॅक्ससाठी किंमत ठरवतो किंवा आहे तशी ठेवतो, टॅक्स कलेक्टर बिलाचे पैसे घेतो. फोन करताना हे माहीत नसेल तर अर्धा दिवस इकडून तिकडे ट्रान्सफर होण्यात जातो.

दुसऱ्या राज्यातल्यांनी पुढचं जसंच्या तसं वापरू नका. न्यू जर्सीत डीड बहुतेक ठिकाणी काउंटी क्लार्ककडे जातं आणि सोबत जीआयटी/आरईपी हा राज्याच्या आयकराचा फॉर्म लागतो, तो नसेल तर घेतच नाहीत. टेक्ससमध्ये ट्रान्सफर टॅक्सच नाही. कनेक्टिकटमध्ये तर काउंटी नाहीच, टाउन क्लार्क. क्रम सगळीकडे साधारण हाच, फॉर्म आणि फी वेगळी.

२. आत्ताचं डीड हातात घ्या

ही पायरी लोक सर्रास गाळतात. इंटरनेटवरून कोरा फॉर्म घेतात, टॅक्स बिलावरचा पत्ता टाकतात आणि झालं म्हणतात. तसं नाही चालत. घर घेतलं तेव्हा तुमच्या नावाने जे डीड रेकॉर्ड झालं त्याची कॉपी पाहिजे. टायटल कंपनीने दिलेल्या जाड फोल्डरमध्ये असते. नसेल तर रेकॉर्डरकडून घ्या, पानामागे थोडी फी असते. बऱ्याच काउंट्यांच्या वेबसाइटवर फक्त इंडेक्स दिसतो, कागदाचं चित्र दिसत नाही, तेव्हा डॉक्युमेंट नंबर लिहून घ्या आणि कॉपी मागवा.

त्या कॉपीतून तीन गोष्टी उचलायच्या.

पहिली, नाव अक्षरशः जसं आहे तसं. आपल्या लोकांचा इथे घोळ असतोच, कारण डीडवर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर पूर्ण, ड्रायव्हिंग लायसन्सवर नुसतं एक अक्षर. बायकोने घर घेतलं तेव्हा आडनाव जोशी होतं आणि आता कुलकर्णी आहे, तर देणाऱ्याच्या जागी नुसतं कुलकर्णी लिहून चालणार नाही. आत्ताचं नाव, आणि पुढे 'हू ॲक्वायर्ड टायटल ॲज' लिहून जुनं नाव. नाहीतर इंडेक्समध्ये साखळी तुटते, जोशी बाईंनी घर घेतलं आणि कुलकर्णी नावाच्या कोणीतरी दिलं असं दिसतं, आणि दहा वर्षांनी विकताना टायटल कंपनी तेच विचारत बसते.

दुसरी, लीगल डिस्क्रिप्शन. लॉट अमुक, ट्रॅक्ट नंबर तमुक, मॅप्सच्या पुस्तकात अमुक पान, असा मजकूर. घराचा पत्ता म्हणजे लीगल डिस्क्रिप्शन नाही. एपीएन, म्हणजे असेसरचा पार्सल नंबर, तोही नाही. तो वेगळा लिहायचाच असतो, पण त्याच्या भरवशावर डिस्क्रिप्शन सोडायचं नाही. आणि काँडो किंवा टाउनहाउस असेल तर हा मजकूर तीन-चार भागांत असतो: तुमचं युनिट, कॉमन एरियातला अविभक्त हिस्सा, पार्किंग किंवा ये-जा करायचा हक्क. लोक पहिला परिच्छेद उचलतात आणि बाकीचा सोडतात. सगळा घ्या.

तिसरी, टायटल कसं घेतलंय, म्हणजे जॉइंट टेनंट्स, कम्युनिटी प्रॉपर्टी (नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता), की एकट्याच्या नावावर. या प्रकारांचा अर्थ पुढे सांगतो.

थांबा, तपासा: डिस्क्रिप्शन परत टाइप करू नका. जुन्या डीडवरचं ते पान स्वच्छ असेल तर त्याचीच कॉपी 'एक्झिबिट ए', म्हणजे जोडपत्र, म्हणून जोडा. टाइप केलंच तर एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मूळ कागदावर बोट ठेवून तपासायचं. हसू येईल, पण ट्रॅक्ट नंबरातले दोन आकडे उलटे झालेले आम्हाला असेच सापडले.

३. काय करायचंय ते आधी ठरवा

डीडचा प्रकार निवडणं हे काम फॉर्म भरायच्या आधीचं.

ग्रँट डीड म्हणजे मी देतोय आणि आधी दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही हे त्यात आलं. क्विटक्लेम आपल्या हक्कसोडसारखं, माझा जो काही हक्क असेल, असला तर, तो सोडला. स्वतःच्या ट्रस्टमध्ये टाकायला किंवा जोडीदाराचं नाव चढवायला मी ग्रँट डीडच घेईन, कारण क्विटक्लेमने टायटल इन्शुरन्सचं कव्हर अडचणीत येऊ शकतं. तुमच्या पॉलिसीवरच्या टायटल कंपनीला आधी एक ईमेल टाका की मी असं असं करतोय, कव्हर राहील का. उत्तर लेखी ठेवा.

नवरा-बायकोंनी घ्यायचे तीन मुख्य प्रकार. जॉइंट टेनन्सीत एक गेला की दुसऱ्याकडे आपोआप जातं. कम्युनिटी प्रॉपर्टी विथ राइट ऑफ सर्व्हायव्हरशिपमध्येही जातं आणि टॅक्सच्या बाजूने बहुतेकांना ते बरं पडतं, पण त्यात घेणाऱ्या दोघांनी डीडवरच मान्य असल्याची सही किंवा इनिशियल करायची सोय असते, ती करून टाका. टेनन्सी इन कॉमनमध्ये आपापला हिस्सा आपापल्या वारसांकडे. डीडवर नुसती दोन नावं लिहून पुढे काहीच लिहिलं नाही तर अर्थ लावायचं काम उद्या दुसरा कोणी करणार.

ट्रस्टची चूक तर इतकी नेहमीची आहे की काय सांगू. घेणाऱ्याच्या जागी लोक ट्रस्टचं नाव टाकतात. टायटल ट्रस्टीच्या, म्हणजे ट्रस्ट चालवणाऱ्याच्या, नावाने असतं. म्हणजे 'अमुक आणि तमुक, ट्रस्टीज ऑफ द अमुक फॅमिली ट्रस्ट, डेटेड' आणि ट्रस्टची तारीख. तारीख ट्रस्टच्या कागदावरची, डीडची नाही. आणि देणाऱ्याच्या जागी मात्र तुमची जुन्या डीडवरची साधी नावं.

दोन धोके इथेच सांगून टाकतो. एक, डीड रेकॉर्ड झालं की 'कॅन्सल करा' असं काही नसतं. नाव चढवलं की उतरवायला त्याच माणसाची सही लागते. दोन, आईवडील प्रेमापोटी मुलांची नावं घराला लावतात, प्रोबेट (माणूस गेल्यावर मालमत्ता वारसांकडे जायची कोर्टाची प्रक्रिया) वाचेल म्हणून. ती भेट ठरते, मुलाच्या कर्जदारांचा हात घरापर्यंत पोचू शकतो, आणि वारसाने मिळाल्यावर कॅपिटल गेनमध्ये जो फायदा झाला असता तो भेट दिलेल्या हिश्श्यापुरता जातो. हे वकिलाशी बोलल्याशिवाय करू नका. जोडीदार अमेरिकन नागरिक नसेल (आपल्यात एच-वन आणि ग्रीन कार्डवाले भरपूर) तर नवरा-बायकोतली भेट अमर्याद माफ नसते, २०२५ साठी ती मर्यादा १,९०,००० डॉलर होती. नाव चढवलं म्हणजे भेट झाली का हे टायटल कसं घेता त्यावर ठरतं, तेव्हा सीएला विचारून मग सही.

लोन असेल तर? घर विकल्यास पूर्ण कर्ज मागण्याचा जो क्लॉज असतो त्याची भीती लोकांना असते. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यात जोडीदाराला देणं, आणि तुम्ही लाभार्थी राहून स्वतः राहता ते घर स्वतःच्या ट्रस्टमध्ये टाकणं, यांना सूट आहे. तरी लेंडरला कळवा. भाड्याने दिलेलं घर असेल तर आधी विचारा, नंतर नाही.

४. पान कसं असायला पाहिजे

साडेआठ बाय अकरा इंची पांढरा कागद, एकाच बाजूला छापलेला. पहिल्या पानाचा वरचा भाग दोन भागांत. डावीकडे 'रेकॉर्डिंग रिक्वेस्टेड बाय' आणि 'व्हेन रेकॉर्डेड मेल टू', म्हणजे मूळ कागद कोणाकडे परत पाठवायचा तो पत्ता. उजवीकडे अडीच इंच उंच आणि पाच इंच रुंद जागा पूर्ण कोरी, ती रेकॉर्डरच्या शिक्क्याची. तिथे एपीएन लिहू नका, स्टिकी नोट लावू नका, काही नाही. त्याच्याखाली कागदाचं नाव, ग्रँट डीड. बाजूंना अर्धा इंच मार्जिन. पान या मापात नसेल तर जादा फी लागते.

'मेल टॅक्स स्टेटमेंट्स टू' ही ओळ पहिल्या पानावर खाली. हा पत्ता चुकला की प्रॉपर्टी टॅक्सचं बिल भलतीकडे जातं, आणि बिल मिळालं नाही म्हणून दंड माफ होत नाही.

अक्षर बारीक नको, शाई काळी, हायलायटर अजिबात नको कारण स्कॅन केल्यावर त्याचा काळा पट्टा होतो. सगळं इंग्रजीत. सोबत मराठी किंवा हिंदी काही जोडणार असाल, समजा मृत्यूचा दाखला, तर प्रमाणित भाषांतर लागेल.

५. टॅक्सच्या दोन ओळी, ज्यांच्यावरून सगळ्यात जास्त कागद परत येतात

पहिली ओळ डॉक्युमेंटरी ट्रान्सफर टॅक्सची. काउंटीचा दर दर हजारी १.१० डॉलर, आणि काही शहरांचा त्यावर वेगळा, कुठे कुठे घसघशीत. विक्री नसेल, भेट असेल किंवा स्वतःच्या ट्रस्टमध्ये जात असेल तर टॅक्स शून्य, पण नुसतं शून्य लिहून चालत नाही, शून्य का ते डीडच्या पहिल्या पानावर लिहावं लागतं. भेट आणि ट्रस्टसाठी रेव्हेन्यू अँड टॅक्सेशन कोड ११९३० लिहितात, सोबत एका ओळीत कारण. घर शहरात आहे की अनइनकॉर्पोरेटेड भागात (कुठल्याही शहराच्या हद्दीत नसलेल्या), तीही चौकट भरा. घटस्फोटातल्या वाटणीला वेगळं कलम आहे, मित्राचं डीड बघून कॉपी मारू नका.

दुसरी ओळ ७५ डॉलरची. २०१८ पासून बऱ्याचशा कागदांवर ७५ डॉलर जादा फी लागते, एका व्यवहारात एका पार्सलला जास्तीत जास्त २२५. ज्या व्यवहारावर ट्रान्सफर टॅक्स भरलाय त्याला ही फी नाही, आणि राहतं घर तिथे राहणाऱ्या मालकाकडेच जात असेल तर त्यालाही नाही. म्हणजे तुम्ही राहता तेच घर तुमच्या नावावर किंवा ट्रस्टीच्या नावावर जातंय तर सूट मिळू शकते. पण मागितली तरच! गव्हर्नमेंट कोडच्या कलम २७३८८.१ खालची सूट आणि कारण डीडवर किंवा काउंटीच्या कव्हर पेजवर लिहायचं. न लिहिता ७५ कमीचा चेक पाठवला की पाकीट परत. काउंटीने कव्हर पेज मागितलं तर तेही एक पान धरलं जातं, आणि पानामागे फी आहे.

६. पीकॉर

प्रिलिमिनरी चेंज ऑफ ओनरशिप रिपोर्ट, फॉर्म बीओई-५०२-ए, सगळे पीकॉर म्हणतात. डीडसोबत जातो पण रेकॉर्ड होत नाही, असेसरकडे जातो आणि गुप्त राहतो. जोडला नाही तर २० डॉलर जादा घेऊन डीड रेकॉर्ड करतात आणि मग असेसर पत्र पाठवतो. वीस डॉलरचं मला काही वाटत नाही, पण प्रॉपर्टी टॅक्सची किंमत परत ठरू नये याची सगळी गंमत याच फॉर्मवर आहे.

१९७८ च्या प्रॉप १३ मुळे जुन्या घराची टॅक्ससाठीची किंमत वर्षाला फार तर दोन टक्के वाढते. मालकी बदलली असं असेसरला वाटलं तर ती आजच्या भावाने होते, म्हणजे २००९ साली घेतलेल्या घराचा टॅक्स एकदम दुप्पट-तिप्पट. नवरा-बायकोतला व्यवहार आणि स्वतःच्या रद्द करता येणाऱ्या ट्रस्टमध्ये टाकणं या दोन्हींना सूट आहे, पण फॉर्मवर ती खूण तुम्ही केली पाहिजे. पहिल्याच पानावर प्रश्नांची यादी आहे, नीट वाचून त्यातल्या तुम्हाला लागू त्या प्रश्नालाच 'हो'. घाईत सगळ्यांना 'नाही' ठोकून दिलं की असेसर खरेदी समजणार.

मुलांकडे घर जात असेल तर गोष्ट वेगळी. १६ फेब्रुवारी २०२१ पासून प्रॉप १९ लागू आहे, मुलाने तिथे एका वर्षात राहायला जावं लागतं आणि बीओई-१९-पी हा वेगळा क्लेम भरावा लागतो. पीकॉरवर खूण केली म्हणजे क्लेम झाला असं नाही.

तपासा: पीकॉरवर सही घेणाऱ्याची असते, देणाऱ्याची नाही. डीडवर उलट, सही देणाऱ्याची. ट्रस्टमध्ये टाकताना दोन्हीकडे माणूस तोच असतो, म्हणून पीकॉरवर नावापुढे 'ट्रस्टी' लिहा.

७. नोटरी

आधी सही करून जाऊ नका. खरं तर ॲक्नॉलेजमेंटमध्ये आधी केलेली सहीही 'माझीच' म्हणून कबूल करता येते, पण दुकानातले नोटरी बहुतेक वेळा नवीन प्रिंट आणा म्हणतात, मग कशाला.

नोटरीची दोन सर्टिफिकेटं असतात, ॲक्नॉलेजमेंट आणि जुराट. डीडला ॲक्नॉलेजमेंट पाहिजे. जुराट म्हणजे शपथेवर सांगतो, ते ॲफिडेव्हिटला. माझ्या नोटरीने गठ्ठ्यातला वरचा कागद ओढला आणि शिक्का मारला, तो निघाला जुराट. नोटरी तुम्हाला कुठलं हवं ते स्वतःहून सांगणार नाही, कायद्याचा सल्ला द्यायची त्याला मुभा नाही. तुम्ही तोंडाने म्हणायचं, 'मला ॲक्नॉलेजमेंट हवंय.'

कॅलिफोर्नियाच्या सर्टिफिकेटवर सगळ्यात वर एक चौकट असते, की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पटवतोय, कागदातला मजकूर खरा असल्याची हमी देत नाही. २०१५ पासून ती सक्तीची आहे. इंटरनेटवरच्या जुन्या फॉर्मवर ती नसते.

दुकानातून बाहेर पडायच्या आधी, तिथेच काउंटरवर, एवढं बघा:

- शिक्का पूर्ण उमटलाय, फाटलेला किंवा फिकट नाही, आणि कुठल्याही अक्षरावर किंवा सहीवर पडलेला नाही.
- 'काउंटी ऑफ' च्या पुढे सही जिथे झाली ती काउंटी आहे. घराची नाही.
- सर्टिफिकेटमधलं तुमचं नाव डीडखाली छापलेल्या नावासारखंच आहे.
- तारीख आहे. दोघांनी सही केली तर दोन्ही नावं आहेत.

डीडला नोटरी त्याच्या जर्नलमध्ये अंगठा घेतो, घाबरू नका, नियमच आहे. फी प्रत्येक सहीला जास्तीत जास्त १५ डॉलर, घरी बोलावलात तर येण्याजाण्याचे वेगळे. नोटरी दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याचं त्या राज्याचं सर्टिफिकेट चालतं.

सही करणारा पुण्याला असेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. सासरे टायटलवर आहेत, आता कायमचे परत गेले, आता काय? रस्ते तीन.

मुंबईत बीकेसीला अमेरिकन वकिलातीत नोटरीची अपॉइंटमेंट. एका सीलला ५० डॉलर. कागद कोरा, म्हणजे सही न करता न्यायचा, पासपोर्ट न्यायचा, सही अधिकाऱ्यासमोर. मला हाच रस्ता आवडतो, कारण काउंटी त्यावर शंका घेत नाही. वयस्कर माणसाला पुण्याहून नेणं-आणणं हे मात्र आलं, आणि एका सहीसाठी दोनदा जावं लागू नये म्हणून डीडचा मसुदा पाठवण्याआधी चार डोळ्यांनी वाचा.

दुसरा, तिथल्या नोटरीपुढे सही, मग राज्य सरकारचं प्रमाणीकरण आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात कागद खरा मानला जावा म्हणून लावलेलं प्रमाणपत्र. भारत २००५ पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. वेळ जास्त लागतो, आणि आपल्याकडच्या नोटरीला 'शिक्का अक्षरावर नको' हे पटवणं म्हणजे दिव्य असतं, तो नेमका सहीवरच मारतो. काउंटीला आधी ईमेलने विचारून घ्या.

तिसरा, पॉवर ऑफ अटर्नी. ते मुळात तिथे जाऊन नोटराइज करावंच लागतं, म्हणजे एक चक्कर वाचत नाही, पण पुढे अनेक सह्या लागणार असतील तर उपयोगी. पॉवर ऑफ अटर्नीसुद्धा त्याच काउंटीत रेकॉर्ड करायची, आणि डीडच्या आधी. सही करताना सासऱ्यांचं नाव, मग 'बाय' आणि तुमचं नाव, मग 'ॲटर्नी इन फॅक्ट'. नुसती तुमची सही टाकली तर ते डीड तुम्ही दिल्यासारखं होतं, आणि तुमच्याकडे द्यायला काही नाहीच.

८. पाकीट आणि फी

क्रम असा लावा: वर एक छोटं पत्र (कुठला कागद, तुमचा फोन नंबर), मग डीड एक्झिबिट आणि नोटरी पानासकट, मग पीकॉर, मग चेक, मग तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. एकाहून जास्त कागद असतील तर '१ ऑफ २', '२ ऑफ २' असं पेन्सिलने नाही, पत्रात लिहा. वडील जॉइंट टेनंट होते आणि वारले तर आधी मृत्यूचं ॲफिडेव्हिट, मग डीड. उलट रेकॉर्ड झालं तर साखळी उलटी दिसते.

फी मोजताना नोटरीचं पान पान म्हणून धरा, एक्झिबिट धरा, पीकॉर धरू नका. पहिल्या पानाची फी काउंटीच्या तक्त्यावर बघा, पुढच्या प्रत्येक पानाला साधारण ३ डॉलर. सूट नसेल तर ७५ मिळवा. जास्तीचा चेक पाठवून 'उरलेले ठेवा' असं म्हणायची सोय नाही, आकडा बरोबर पाहिजे. खात्री नसेल तर काही काउंट्यांत 'नॉट टू एक्सीड' लिहून रकमेची जागा रिकामी ठेवलेला चेक घेतात, विचारून घ्या.

पाठवायच्या आधी सगळ्याचा स्कॅन. ट्रॅकिंग असलेल्या टपालाने पाठवा. जवळ असेल तर मी स्वतः जाऊन देतो, कारण खिडकीवरच चूक कळली तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, आणि रेकॉर्डिंग नंबर तेव्हाच मिळतो. टपालाने बरेच आठवडे लागू शकतात. ई-रेकॉर्डिंग आहे, पण ते मान्यताप्राप्त कंपन्यांमार्फत, आपण घरून अपलोड करू असं समजू नका.

डीडला आपल्याकडच्या रजिस्ट्रीच्या चार महिन्यांसारखी मुदत नाही, पण सही करून ड्रॉवरमध्ये ठेवू नका. मधल्या काळात दुसरा कागद आधी रेकॉर्ड झाला तर भांडण तुमचं. एका कागदाला मात्र कडक मुदत आहे: ट्रान्सफर ऑन डेथ डीड (मालक गेल्यावर घर नेमलेल्या माणसाकडे नेणारं) नोटराइज झाल्यापासून ६० दिवसांत रेकॉर्ड झालंच पाहिजे, आणि २०२२ पासून त्याला दोन साक्षीदारही लागतात. एकसष्टाव्या दिवशी तो रद्दी.

९. परत आल्यावर

वर उजवीकडे शिक्का, नंबर, तारीख. तो नंबर फोनमध्ये ठेवा. मग डीड परत एकदा वाचा, आता शांतपणे. नावात किंवा डिस्क्रिप्शनमध्ये चूक सापडली तर रेकॉर्ड झालेल्या कागदावर खाडाखोड करायची नाही, दुरुस्तीचं डीड नव्याने करून रेकॉर्ड करायचं, आणि बहुतेक वेळा परत नोटरी, परत फी.

घरमालकाच्या इन्शुरन्सला कळवा, ट्रस्टचं नाव पॉलिसीत घालून घ्या.

थोड्याच दिवसांत सरकारी वाटणारं एक पत्र येईल, 'तुमच्या डीडची प्रमाणित प्रत मिळवा', शंभरेक डॉलर. ते काउंटीचं नसतं. तळाला बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. आमच्याकडे ते आलं तेव्हा बायकोने चेकबुक काढलं होतं. मूळ कागद तुमच्या हातात आहे, कॉपी हवीच असेल तर काउंटीत किरकोळ पैशात मिळते.

रीफायनान्स करताना लेंडर कधी कधी घर ट्रस्टमधून बाहेर काढून तुमच्या वैयक्तिक नावावर घ्यायला लावतो, त्याचं डीड त्या सह्यांच्या जाड गठ्ठ्यात असतं. परत ट्रस्टमध्ये टाकायचं डीड त्याच दिवशी करून घ्या. ते आपोआप होत नाही, आणि लोकांना कळतं ते माणूस गेल्यावर.

आणि लोन फिटलं असेल तर रीकन्व्हेयन्स (घरावरचा लोनचा बोजा उतरवणारा कागद) रेकॉर्ड झालं का ते इंडेक्समध्ये तुमच्या नावाने शोधा. पूर्ण पैसे मिळाल्यावर लेंडरने ३० दिवसांत कागद ट्रस्टीकडे (लोनच्या कागदातला ट्रस्टी, तुमच्या लिव्हिंग ट्रस्टचा नाही) द्यायचे आणि ट्रस्टीने २१ दिवसांत रेकॉर्डिंगची व्यवस्था करायची असा नियम आहे. दोन-अडीच महिन्यांनीही दिसत नसेल तर लेंडरला लेखी पत्र टाका, लोन नंबर आणि पैसे भरल्याची तारीख घालून.